इटालियन वाइन: नाव कसं वाचायचं, बाटली कशी निवडायची, कशाबरोबर प्यायची

इटलीत तोरिनोत (ट्युरिनला) राहायला गेले त्या पहिल्याच महिन्यात सुपरमार्केटमधून दोन बाटल्या आणल्या, दोन्हीवर मोठ्या अक्षरात मोंतेपुल्चानो लिहिलेलं, एक स्वस्त आणि दुसरी तिच्या जवळजवळ तिप्पट किमतीची. म्हटलं एकाच वाइनमधली साधी आणि भारी शेजारी शेजारी ठेवून बघू. ओतल्या तर दोघींचा एकमेकींशी काही संबंधच नाही. स्वस्तातली गडद जांभळी, रसाळ, आलूबुखारासारखी. महागातली रंगाने फिकट, चांगली आंबट, वाळवलेल्या चेरीचा आणि चहाच्या पत्तीचा वास असलेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने उलगडून सांगितलं की पहिल्या बाटलीवरचं मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव, अब्रुत्सो प्रांतात होणारं, आणि दुसऱ्या बाटलीवरचं मोंतेपुल्चानो हे तोस्काना म्हणजे टस्कनीतल्या एका गावाचं नाव, आणि त्या गावची वाइन सांजोवेझे नावाच्या वेगळ्याच द्राक्षाची असते.

इटालियन वाइन शिकायची ती इथूनच. ऑस्ट्रेलियन किंवा चिलीची बाटली घेतली की त्यावर शिराझ, कॅबर्ने असं द्राक्ष ठळक लिहिलेलं असतं, त्यामुळे आपण द्राक्षावरून वाइन ओळखायला शिकतो. इटलीत पहिला प्रश्न असतो कुठली? आपल्याला खरं तर हे नवीन नाही. हापूस म्हटल्यावर आपण लगेच विचारतो देवगडचा की रत्नागिरीचा, आणि कर्नाटकचा असेल तर चेहरा बदलतो, कारण कलम तेच असलं तरी माती, हवा, समुद्राचा वारा हे सगळं फळात उतरतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तीच नजर घेऊन बाटलीकडे बघा.

पायरी १: नावातून गाव वेगळं काढा, द्राक्ष वेगळं काढा

इटलीत २० प्रांत आहेत आणि विसाच्या वीस प्रांतांत वाइन होते. सरकारी नोंदीत असलेल्या द्राक्षांच्या जातीच पाचशेच्या वर आहेत, त्यामुळे पाठ करायच्या भानगडीत पडू नका, नाव फोडायला शिका.

काही वाइनच्या नावात फक्त जागा असते. बारोलो हे गाव आहे, कियान्ती हा डोंगराळ भाग आहे, सोआवे गाव, गावी पण गावच. द्राक्ष कुठलं ते लेबलवर बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, ते तुम्हाला माहीत असेल असं धरून चालतात. काहींच्या नावात द्राक्ष आणि जागा दोन्ही असतात, मधे 'दी' किंवा नुसता 'द' येतो आणि त्याचा अर्थ आपला 'चा, ची, चे'. बार्बेरा दाल्बा म्हणजे आल्बाची बार्बेरा. मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो म्हणजे अब्रुत्सोचं मोंतेपुल्चानो. व्हेर्मेंतीनो दी गाल्लुरा म्हणजे सार्देन्या बेटावरच्या गाल्लुरा भागातलं व्हेर्मेंतीनो. आणि तिसरा प्रकार म्हणजे बनवायच्या पद्धतीवरून पडलेलं नाव किंवा वाइनवाल्याने स्वतः ठेवलेलं नाव, जसं आमारोने, रिपास्सो, सास्सिकाया.

हे जागेचं प्रकरण किती गंभीरपणे घेतात बघा. प्रोसेक्को ही फेसाळ वाइन ज्या द्राक्षापासून होते त्या द्राक्षालाच पूर्वी प्रोसेक्को म्हणायचे. पण द्राक्षाचं नाव कुणीही कुठेही लावू शकतो, जागेच्या नावाला मात्र कायद्याचं संरक्षण मिळतं, आणि त्रिएस्तेजवळ प्रोसेक्को नावाचं गाव खरोखर आहे. मग २००९ मध्ये प्रोसेक्को हे जागेचं नाव म्हणून पक्कं केलं आणि द्राक्षाला ग्लेरा हे जुनं नाव दिलं.

पायरी २: बाटली हातात घेऊन वाचा

समजा हातात कियान्ती क्लासिकोची बाटली आहे. आधी मान बघा. बुचावरच्या वेष्टनाशी एक कागदी पट्टी चिकटवलेली दिसेल, त्यावर नंबर छापलेला असतो, ही पट्टी इटलीच्या सरकारी छापखान्यातून येते. काही डीओसी बाटल्यांवरही अशी पट्टी असते, म्हणून तिच्यावर डीओसीजी लिहिलंय ना ते बघा, म्हणजे बाटली सगळ्यात वरच्या पायरीची. पायऱ्या साधारण अशा: सगळ्यात खाली नुसती 'व्हिनो' म्हणजे टेबल वाइन, त्यावर आयजीटी म्हणजे मोठ्या भागाचं नाव आणि सैल नियम, त्यावर डीओसी म्हणजे ठरलेली हद्द, ठरलेली द्राक्षं, एकरी किती पीक घ्यायचं ते ठरलेलं, आणि वर डीओसीजी, जिथे नियम आणखी कडक आणि बाटली बाहेर पडायच्या आधी चाखून तपासलेली. डीओसीचा कायदा १९६३ चा, पहिल्या डीओसीजी १९८० मध्ये आल्या, आयजीटी १९९२ च्या कायद्याने आली.

पण पट्टी म्हणजे चवीची गॅरंटी नाही. पट्टी एवढंच सांगते की ही वाइन नियमाने झालीय. याचं सगळ्यात मोठं उदाहरण तोस्कानातच घडलं. त्या काळच्या नियमात कियान्तीमध्ये पांढरी द्राक्षं मिसळावी लागायची आणि बाहेरची द्राक्षं फारशी चालायची नाहीत, तर काही जणांनी नियम बाजूला ठेवले. बोल्गेरीला मारियो इंचीझा देल्ला रोक्केत्ता यांनी कॅबर्ने लावून सास्सिकाया केली, तिचं विक्रीला आलेलं पहिलं साल १९६८. मग १९७१ पासून आंतिनोरी घराण्याची तिन्यानेल्लो आली, सांजोवेझे छोट्या फ्रेंच पिंपांत मुरवलेली. कायद्याप्रमाणे या साध्या टेबल वाइन, सगळ्यात खालची पायरी, आणि किंमत मात्र भल्याभल्या डीओसीपेक्षा जास्त. लोक त्यांना सुपर टस्कन म्हणायला लागले आणि शेवटी कायद्यालाच जागा करून द्यावी लागली, १९९४ मध्ये बोल्गेरीच्या डीओसीत सास्सिकायाला स्वतःचा वेगळा उपविभाग मिळाला. म्हणून आयजीटी लिहिलेलं दिसलं की हलकी समजून खाली ठेवू नका, कुणी केलीय ते बघा.

आता परत आपल्या बाटलीकडे. मानेवर काळा कोंबडा दिसतोय ना, तो कियान्ती क्लासिकोचा. त्याची दंतकथा तिथे सगळे सांगतात. फिरेन्झे (फ्लोरेन्स) आणि सिएना या दोन शहरांत हद्दीवरून भांडण, ठरलं असं की पहाटे कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल आणि भेटतील तिथे सीमा. सिएनावाल्यांनी पांढऱ्या कोंबड्याला खाऊ घालून सुस्त केला, फिरेन्झेवाल्यांनी काळ्याला उपाशी ठेवला, तो बिचारा अंधारातच आरवला आणि त्यांचा स्वार पार सिएनाच्या जवळ पोचला. ही झाली कथा, पण कागदावरचा इतिहास पण छोटा नाही, १७१६ मध्ये तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने कियान्तीची हद्द लेखी ठरवून दिली होती.

'क्लासिको' शब्दाचा अर्थ तोच, मूळची जुनी हद्द. नाव गाजलं की आजूबाजूचे भाग पण तेच नाव लावायला लागतात, म्हणून जुन्या गाभ्याला क्लासिको म्हणतात. सोआवे क्लासिको, व्हाल्पोलिचेल्ला क्लासिको हे पण तसंच. नुसती कियान्ती आणि कियान्ती क्लासिको या दोन वेगळ्या डीओसीजी आहेत, पहिलीत सांजोवेझे किमान ७० टक्के, दुसरीत किमान ८० टक्के. 'रिझेर्व्हा' म्हणजे जास्त मुरवलेली, कियान्ती क्लासिकोत किमान २४ महिने. 'सुपेरिओरे' म्हणजे बहुतेक ठिकाणी थोडं जास्त अल्कोहोल, कधी थोडं जास्त मुरवणं. 'अझिएंदा आग्रिकोला' लिहिलं असेल तर वाइन करणाऱ्याची स्वतःची द्राक्षबाग, 'कान्तीना सोचाले' म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी वायनरी, आणि सहकारी म्हणून नाक मुरडू नका, उत्तरेत आल्तो आदिजेच्या काही सहकारी वायनऱ्या फार उत्तम व्हाइट करतात.

चवीसाठी चार शब्द लक्षात ठेवा. सेक्को म्हणजे कोरडी, आब्बोक्कातो म्हणजे किंचित गोडसर, आमाबिले म्हणजे गोडाकडे झुकलेली, दोल्चे म्हणजे गोड. फेसाचे दोन शब्द, फ्रिझ्झान्ते म्हणजे हलके बुडबुडे आणि स्पुमान्ते म्हणजे पूर्ण फेसाळ.

पायरी ३: शैली ओळखायला बुडबुड्यांपासून सुरुवात करा

प्रोसेक्को सगळ्यांना माहीत असते, फक्त ती विकत घेताना एका शब्दावर हमखास फसगत होते. 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून वाटतं सगळ्यात कोरडी हीच, पण ती 'ब्रुत'पेक्षा गोड असते. ब्रुतमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७, आणि नुसतं 'ड्राय' लिहिलेलं असेल तर १७ ते ३२ ग्रॅम. चकलीबरोबर, भज्यांबरोबर ब्रुत घ्या. नुसती गप्पा मारत प्यायची तर एक्स्ट्रा ड्राय छान लागते. आणि थोडे पैसे जास्त देऊन कोनेल्यानो व्हाल्दोब्ब्यादेने असं लांबलचक नाव असलेली घ्या, ती उंच उताराच्या टेकड्यांवरची असते, तिथे यंत्र चालत नाही, तोडणी हाताने करावी लागते, आणि सपाटीवरच्या प्रोसेक्कोपेक्षा तिला जास्त धार असते.

प्रोसेक्कोचे बुडबुडे मोठ्या बंद स्टीलच्या टाकीत तयार होतात, त्यामुळे पेअर, हिरवं सफरचंद, फुलं असा ताजा वास टिकतो. लोंबार्दियातली फ्रांचाकोर्ता मात्र शॅम्पेनसारखी बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते आणि किमान १८ महिने यीस्टच्या गाळावर पडून राहते, म्हणून तिला भाजलेल्या पावाचा, लोण्याचा वास येतो. किंमत पण त्या हिशोबाने.

मग लांब्रुस्को. एमिलिया भागातली लाल, फेसाळ, गार करून प्यायची वाइन. हिची गोड, स्वस्त आवृत्ती एकेकाळी जगभर गेली आणि त्यात चांगल्या लांब्रुस्कोचं नाव खराब झालं, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण पार्मा आणि मोदेनाच्या आजूबाजूचं जेवण म्हणजे हॅम, डुकराच्या मांसाचे सॉसेज, पार्मिजानो चीज, लोणी, सगळं तेलकट तुपकट, आणि त्यावर थंड, आंबट, फेसाळ लांब्रुस्को म्हणजे प्रत्येक घोटाला तोंड धुतल्यासारखं होतं. सोर्बारा लिहिलेली फिकट आणि चरचरीत, ग्रास्पारोस्सा लिहिलेली गडद आणि भरदार. सेक्को शोधा.

व्हाइटबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे पिऊन बघणं हाच अभ्यास. पिनो ग्रिजो बाजारात सगळीकडे असते आणि बरीचशी पाणचट असते, आल्तो आदिजे किंवा फ्रिउलीची मिळाली तर घ्या. सोआवे क्लासिको गार्गानेगा द्राक्षाची, बदामाच्या सालीसारखा बारीक कडवटपणा शेवटी येतो, तो दोष नाही, तेच तिचं वैशिष्ट्य. मार्के प्रांतातली व्हेर्दिक्यो आणि सार्देन्याची व्हेर्मेंतीनो माशांसाठी. कांपानियाची फियानो दी आव्हेल्लीनो जराशी मधाळ, धुरकट, आणि चांगल्या व्हाइट पण काही वर्षं मुरतात हे पटवून देणारी. फ्रिउलीत ओस्लाव्हियाचे योश्को ग्राव्हनर जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत पांढरी द्राक्षं सालांसकट महिनोन् महिने ठेवतात, त्याने वाइन केशरी होते आणि रेडसारखी तुरट लागते, पण वाइन शिकायला लागल्याच्या पहिल्या वर्षात ही पिऊ नका, थोडी जीभ तयार झाल्यावर प्या.

पायरी ४: मोठ्या रेड, आणि टॅनिन म्हणजे काय

तोरिनो ज्या प्रांतात आहे त्या पिएमोंतेत मी राहिलेय म्हणून इथे जास्त रेंगाळणार आहे. तिथली रोजच्या जेवणाची वाइन बार्बेरा किंवा दोल्चेत्तो. बार्बेरात आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा कमी, दोल्चेत्तो नावात 'गोडुली' असली तरी वाइन कोरडी असते. सणावाराला, पाहुण्यांना नेब्बिओलोची बाटली उघडतात. नेब्बिओलो फार उशिरा पिकतं, ऑक्टोबरमध्ये, तोपर्यंत आल्बाच्या आसपास लांगेच्या टेकड्यांवर सकाळी इतकं दाट धुकं असतं की समोरची द्राक्षाची ओळ पण दिसत नाही, आणि नेब्बिया म्हणजे धुकं, त्यावरून नाव पडलं असं म्हणतात.

बारोलो आणि बार्बारेस्को दोन्ही शंभर टक्के नेब्बिओलो. बारोलो विकायच्या आधी किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ लाकडात, बार्बारेस्को २६ महिने, त्यातले ९ लाकडात. ग्लासात ओतल्यावर पहिला धक्का रंगाचा बसतो, एवढं नाव ऐकलेली वाइन आणि रंग असा फिका की ग्लासाखाली ठेवलेलं वर्तमानपत्र वाचता येईल, कडेला विटेसारखी केशरी झाक. वास गुलाबाचा आणि त्याबरोबर डांबराचा, ऐकायला विचित्र वाटतं पण एकदा ओळखला की विसरत नाही. आणि मग घोट, आणि हिरड्या एकदम कोरड्या.

माझे बाबा तोरिनोला आले होते तेव्हा मी हौसेने बारोलो उघडली, जेवणाच्या आधीच त्यांच्या हातात ग्लास दिला. एक घोट घेतला आणि म्हणाले, "अगं, ही तर बोंडूसारखी जीभ धरतेय." आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले, काजूचा बोंडू खाऊन घसा धरलेला कुणाला माहीत नाही, आणि टॅनिन म्हणजे काय याचं इतकं नेमकं वर्णन मी कुठेच वाचलेलं नव्हतं. मग जेवायला बसलो, मटण मंद आचेवर दोन तास शिजवलेलं, जास्त तिखट न केलेलं. एक तुकडा खाऊन त्यांनी परत घोट घेतला, थांबले, आणि म्हणाले, "आता बसली जागेवर." झालं काय तर टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं, पण तोंडात मांसाची प्रथिनं आणि चरबी असली की ते त्यांना चिकटतं आणि जीभ सुटते. इटालियन वाइन नुसती चाखून बऱ्याचदा आंबट आणि तुरट वाटते ती यामुळेच, ती घास तोंडात असताना पूर्ण होते, ताटाशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नका.

बारोलो महाग असते आणि कोवळी असताना कठोर, म्हणून आधी लांगे नेब्बिओलो घ्या. त्याच टेकड्या, तेच द्राक्ष, मुरवणं कमी, किंमत बरीच कमी. ती आवडली तर मग बारोलोत गावाप्रमाणे फरक बघता येतो, ला मोर्राच्या बाजूची मऊ आणि सुगंधी, सेर्रालुंगाची ताठ, वर्षानुवर्षं टिकणारी.

तोस्कानाचं सगळं राज्य सांजोवेझेचं. आंबट चेरी, टोमॅटोची पानं, कातडं, सुक्या मसाल्याच्या वनस्पती असा वास. कियान्ती क्लासिको हा पाया, त्यावर ब्रुनेल्लो दी मोंताल्चीनो, शंभर टक्के सांजोवेझे आणि संयमाची परीक्षा, २०२० सालच्या तोडणीची ब्रुनेल्लो १ जानेवारी २०२५ च्या आधी विकायलाच परवानगी नव्हती. इथे पण लहान बहीण आहे, रोस्सो दी मोंताल्चीनो, तीच गावं, लवकर बाजारात येते. मोठ्या नावाच्या साधारण बाटलीपेक्षा चांगल्या वायनरीची लहान बहीण घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

आता व्हेनेतोची आमारोने. तासगाव भागात शेडमध्ये जाळ्यांवर बेदाण्यासाठी द्राक्षं सुकवतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना ही लगेच कळेल. व्हेरोनाच्या वर व्हाल्पोलिचेल्लात कोर्व्हीना, रोंदिनेल्ला वगैरे द्राक्षांचे निवडक घड तोडून हवेशीर माळ्यावर बांबूच्या किंवा वेताच्या ताटव्यांवर, हल्ली प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, एकेरी थरात पसरतात. तीन-चार महिने तसेच राहतात, बेदाणा होऊ देत नाहीत पण वजन साधारण एक तृतीयांशाने घटतं, साल सुरकुततं, साखर एकवटते. खोलीत शिरलं की अंजीर, मनुका, कोको असा वास, आणि रोज कुणीतरी फिरून बुरशी लागलेला मणी बाजूला काढत असतं. मग ऐन थंडीत ती दाबून हळूहळू आंबवतात, जवळजवळ सगळी साखर अल्कोहोलमध्ये जाते आणि १५-१६ टक्क्यांची दमदार वाइन होते. साखर शिल्लक राहू दिली तर गोड रेचोतो. आणि आमारोने काढून घेतल्यावर उरलेल्या सालांच्या लगद्यावर साधी व्हाल्पोलिचेल्ला परत ओतून मुरवली की रिपास्सो, निम्म्याहून कमी पैशात आमारोनेची झलक. पहिल्यांदा घेताय तर रिपास्सो घ्या.

दक्षिणेकडे पुल्याची प्रिमितीव्हो ही कॅलिफोर्नियाच्या झिनफांडेलचीच सख्खी, जनुकं तीच, भरदार आणि गोडसर वाटणारी, नवीन पिणाऱ्यांना पटकन आवडणारी. कांपानियाची ताउराझी आल्यानिको द्राक्षाची, काळी आणि कडक, मुरायला वेळ घेते. पण दक्षिणेतली माझी सगळ्यात आवडती एत्नाची. जागता ज्वालामुखी, काळी माती, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास पोचणाऱ्या द्राक्षबागा, नेरेल्लो मास्कालेझे नावाचं द्राक्ष. सिसिली म्हटल्यावर तापलेली, जाड वाइन डोक्यात येते आणि ही निघते फिकी, नाजूक, धुराचा हलका वास असलेली.

गोडाची एकच सांगते, मोस्कातो दास्ती. अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास, हलके बुडबुडे, मोगरा आणि पीच. थंडगार करून आंब्याच्या फोडींबरोबर द्या.

पायरी ५: टेम्परेचर सांभाळा

रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची हे वाक्य युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी होतं. पुण्यात एप्रिलमध्ये खोली ३३-३४ अंशांवर असते, त्या गरमीत कियान्ती प्यायली तर नुसतं अल्कोहोल नाकात जातं. रेड १६ ते १८ अंशांना हवी, म्हणजे अशा गरमीत उघडायच्या आधी दोनेक तास फ्रिजमध्ये. बार्बेरा, दोल्चेत्तो अजून थोड्या गार. व्हाइट ८ ते १२, प्रोसेक्को आणि मोस्कातो ६ ते ८, फ्रीजरमध्ये ठेवून विसरू नका. कोवळी बारोलो तासभर आधी रुंद तोंडाच्या काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा, महाग डिकँटर लागत नाही. ग्लास एक तृतीयांशच भरा, वास साठायला जागा हवी.

पायरी ६: आपल्या ताटाशी जुळवा

इटलीतला नियम सोपा, जिथलं जेवण तिथली वाइन. आपल्या जेवणात तिखट येतं आणि तिथे गणित बदलतं, कारण जास्त अल्कोहोल आणि जास्त टॅनिन दोन्हींनी तिखट आणखी झोंबतं. तांबड्या रश्श्याबरोबर आमारोने उघडली तर दोन्हींची वाट लागते. तिथे मी गार लांब्रुस्को देते, आमाबिले असली तर अजून चांगली. बोंबील फ्राय, सुरमई, तिसऱ्या यांच्याबरोबर व्हेर्मेंतीनो किंवा व्हेर्दिक्यो, लिंबू पिळल्याचं काम ती करते. बांगड्याबरोबर तुरट रेड मुळीच नको, तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते. भरली वांगी, मसालेभात, टोमॅटोचं सार अशा आंबट-मसालेदार शाकाहारी ताटाला बार्बेरा, तिचा आंबटपणा टोमॅटोसमोर टिकतो. गोड पदार्थाबरोबर वाइन त्या पदार्थाहून गोड हवी, नाहीतर ती नुसती आंबट लागते.

पायरी ७: खरेदी

भारतात आयात कर आणि राज्याचे कर मिळून किंमत इटलीच्या कितीतरी पट होते, म्हणून प्रयोग करायचे तर चार-पाच मित्र मिळून बाटली घ्या, अडीच-तीन घोटांतही शिकता येतं. बाहेरच्या देशात राहत असाल तर तुमची मजा आहे. क्रम मी असा ठेवेन: ब्रुत प्रोसेक्को, मग सोआवे क्लासिको, मग बार्बेरा, मग कियान्ती क्लासिको, मग रिपास्सो, आणि शेवटी लांगे नेब्बिओलो. दोन महिन्यांत आरामात होतात, प्रत्येक वेळी वहीत तीन ओळी लिहा, रंग, वास, काय खाल्लं.

आणि कियान्तीच्या वेळी एक गंमत करा. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्लीची बाग आहे, फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ, इटालियन आणि भारतीय भावांनी मिळून काढलेली, आणि तिथे सांजोवेझे लावलंय. अकलूजची सांजोवेझे आणि कियान्ती क्लासिको दोन ग्लासांत शेजारी ओता. द्राक्ष एकच, ऊन वेगळं, माती वेगळी, आणि सुरुवातीला म्हटलेला हापूसचा मुद्दा तुमच्या जिभेवर उतरेल.

दुकानात गेल्यावर बाटली कुठे ठेवलीय ते आधी बघा. एकदा मी पुण्यातल्या एका दुकानातून बऱ्यापैकी महाग ब्रुनेल्लो घेतली, शोकेसमध्ये उन्हात उभी ठेवलेली, बूच जरासं वर आलेलं मला दिसलं होतं तरी नाव बघून घेतली, घरी उघडली तर शिजवलेल्या मनुकांचा वास आणि चव मेलेली. बूच वर आलेलं, वेष्टनाखालून चिकट ओघळ, खांद्यापेक्षा खाली उतरलेली पातळी, यातलं एकही दिसलं तर घेऊ नका, किती का सवलत असेना. घरी बुचाची बाटली आडवी, अंधाऱ्या कपाटात, गॅसपासून लांब.

उघडलेली बाटली उरली तर बूच उलटं न घालता नीट लावून रेडसकट सगळ्याच फ्रिजमध्ये ठेवा. प्रोसेक्को दुसऱ्या दिवसापर्यंत, व्हाइट आणि कियान्ती दोन-तीन दिवस, आमारोने चार दिवसही तग धरते. लांगे नेब्बिओलोचा अर्धा ग्लास मुद्दाम उरवा आणि दुसऱ्या दिवशी जेवताना प्या, पहिल्या दिवशी जीभ धरणारी तीच वाइन रात्रभरात बरीच मोकळी झालेली असते आणि गुलाबाचा वास तेव्हाच सगळ्यात स्पष्ट येतो.